‘भक्तिरस’ : रस की भाव?

एका वाचकाने विचारले आहे की, नवरसांच्या यादीत भक्ती नसताना आपण अभंगाला ‘भक्तिरसपूर्ण’ म्हणतो ते चुकते का. आणि चुकत नसेल, तर तोच शब्द ख्रिस्ती उपासनागीतांना लावावा का.

शब्द चुकीचा नाही, पण त्याला शास्त्रात जागा भांडून मिळवावी लागली. भरताने नाट्यशास्त्रात आठच रस सांगितले. नववा शांत मागाहून आला. काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त देवाविषयीच्या रतीला, म्हणजे प्रेमाला, स्पष्टपणे ‘भाव’ (मनातली भावना) म्हटले, रस (त्या भावनेचा आस्वाद) म्हटले नाही. यामागची अडचण मला अशी दिसते : सीतेच्या वियोगाने रंगमंचावरचा राम रडतो तेव्हा प्रेक्षकाचेही डोळे भरतात, पण वियोग रामाचा असतो, आणि ते अंतर असल्यामुळेच शोकाचा आस्वाद घेता येतो. भक्ताला ती सोय नाही. विठ्ठलाचा विरह त्याचा स्वतःचाच असतो.

ही कोंडी फोडणाऱ्यांत देवगिरीच्या यादवांच्या काळातला बोपदेव आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या आश्रयाला असलेल्या या पंडिताने तेराव्या शतकात ‘मुक्ताफल’ या ग्रंथात भक्तिरसाचा अनुभव घेणारा तो भक्त, अशी मांडणी केली आणि नवरसांना त्या एका रसाचेच प्रकार ठरवले. कृष्णरती हा स्थायिभाव, म्हणजे रसाच्या मुळाशी टिकून असलेली भावना, धरून विभाव-अनुभावांसह (भावनेची कारणे आणि तिची बाह्य चिन्हे) सगळी व्यवस्था लावून दिली ती रूप गोस्वामींनी, ‘भक्तिरसामृतसिंधू’त, 1541 साली. ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायाच्या आरंभी तर रसांची पंगतच बसली आहे : ‘जेथ शांताचिया घरा । अद्भुत आला आहे पाहुणेरा’, आणि बाकीच्या रसांना ‘पांतिकरां’चा, म्हणजे पंक्तीला बसणाऱ्यांचा, मान मिळाला आहे. ‘रस’ या शब्दातली चव तिथे अजून जिभेवर आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ नाही. संत ऑगस्टीन (354–430) आपल्या आत्मकथनात सांगतो की मिलानच्या चर्चमधली स्तोत्रे ऐकून तो रडला होता. मात्र पुढे तोच कबूल करतो की गीतातल्या अर्थापेक्षा गाणाऱ्याच्या आवाजानेच मन अधिक हलले, तर ते आपण पाप समजतो. बोपदेवाला असा अपराधीपणा वाटला नसता, कारण त्याच्या मांडणीत आस्वाद भक्तीच्या आड येत नाही, तीच भक्ती असते. अर्थात चवीची भाषा ख्रिस्ती परंपरेला परकी आहे असे नाही. चौतिसाव्या स्तोत्रात मूळ हिब्रू क्रियापद ‘चाखून पाहा’ असेच आहे, पण मराठी बायबलात तिथे ‘अनुभव घेऊन पाहा’ असे आले. रसास्वादाची एवढी जुनी परिभाषा ज्या भाषेच्या हाताशी होती, तिच्यातच चाखणे गळाले, याची मला थोडी चुटपुट वाटते.

मराठी ख्रिस्ती भाषेने उचलला तो ‘भाव’. ‘परमेश्वरावर भाव ठेव’ यातला भाव म्हणजे विश्वास, आणि ‘देव भावाचा भुकेला’ म्हणणाऱ्या वारकऱ्यालाही तो समजावून सांगावा लागत नाही. तसाच ‘कळवळा’. मत्तयाच्या शुभवर्तमानात पांगलेल्या लोकसमुदायाला पाहून येशूला त्यांचा कळवळा येतो. तिथल्या ग्रीक क्रियापदाच्या मुळाशी आतडी आहेत, आणि आपणही ‘आतडे तुटले’ म्हणतोच. ‘ऐसी कळवळ्याची जाति । करी लाभाविण प्रीति’ हे तुकोबांचे बोल त्या प्रसंगाशेजारी ठेवले तर शब्द मुळीच उपरा वाटत नाही. ‘करुणरस’ मात्र तिथे चालणार नाही, कारण करुण हा प्रेक्षकाने घ्यायचा आस्वाद आहे आणि कळवळा ज्याचा त्याला येतो.

म्हणून माझा कौल असा : रेव्हरंड टिळकांच्या अभंगांना ‘भक्तिरसपूर्ण’ खुशाल म्हणावे, कारण अभंगाबरोबर त्याचा आस्वादही त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणला; इतर स्तोत्रांना सरसकट तसे न म्हणता ‘भावपूर्ण’ म्हणणे अधिक नेमके. आणि शब्द कोणत्याही संदर्भात वापरला तरी समासातला ‘क्ति’ ऱ्हस्व लिहावा; ‘भक्तीरस’ नव्हे.