दोघंही राजी असतील, तर ती किंमत न्याय्यच म्हणायची ना?

विकणारा आणि घेणारा दोघंही राजी असतील तर आणखी काय पाहायचं, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नुसत्या होकाराने भागत नाही. नाही म्हणणं दोघांनाही परवडत होतं का, हे आधी पाहावं लागतं.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्ववेत्त्याने यावर फार बारकाईने लिहिलं आहे. एखादी वस्तू हातची गेल्याने विकणाऱ्याचं खरंच नुकसान होणार असेल, तर त्याने जास्त पैसे घ्यायला अक्वायनसची ना नव्हती. पण विकणाऱ्याला काहीच झळ लागणार नसेल आणि घेणाऱ्याला मात्र त्या वस्तूची निकड असेल, तर त्या निकडीपायी भाव चढवणं त्याला मान्य नव्हतं. ती निकड विकणाऱ्याच्या मालकीची नाही. जे आपलं नाहीच, त्याचे पैसे कसले घ्यायचे? मला आजही याहून नेमकी कसोटी सापडलेली नाही.

सामान्य माणसंही असाच विचार करतात. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी कॅनडातल्या लोकांना फोनवर काही प्रश्न विचारले आणि १९८६ मध्ये ते निष्कर्ष छापले. बर्फ उपसायचं १५ डॉलरचं फावडं हिमवादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदाराने २० डॉलरला विकायला काढलं, तर? ८२ टक्के लोकांना हे अन्यायाचं वाटलं. दुसऱ्या प्रश्नात सॅलडच्या पाल्याचा घाऊक भाव ३० सेंटने चढला होता आणि दुकानदाराने गिऱ्हाइकाकडून तेवढेच जास्त घेतले होते. ते मात्र ७९ टक्क्यांना चालण्यासारखं वाटलं. भाव कशापायी चढला, हे लोक बरोबर हेरतात.

यावर अर्थशास्त्राचं उत्तर असं, की चढा भाव पाहूनच बाहेरून माल येतो. भाव दाबून ठेवला तर पहिला येणारा सगळं उचलून नेतो आणि मागच्यांना काहीच उरत नाही. हा मुद्दा खरा आहे, त्याला हलकं लेखू नये. पण माल वाढण्याची शक्यता असेल तिथेच तो लागू पडतो. पेटंटमुळे बनवणारा एकच असेल, किंवा वाट पाहायला वेळच नसेल, तर चढ्या भावाने मालात भर पडत नाही, फक्त पैसा एका हातातून दुसऱ्या हातात जातो. शिवाय ज्याच्याकडे पैसा जास्त, त्याचीच गरज मोठी असते असं थोडंच आहे!

इन्सुलिनचं पाहा. ते ज्याला लागतं तो नाही म्हणूच शकत नाही, परवडेल तिथवर कितीही देईल. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी त्याचं पेटंट १९२३ मध्ये टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं. ही अपवादात्मक उदारता होती आणि प्रत्येक संशोधकाकडून ती मागता येणार नाही. संशोधनाचा खर्च किमतीतून निघायलाच हवा. खर्च आणि वाजवी नफा वसूल झाल्यावरही भाव चढतच राहिला, तर तो आजाऱ्याच्या नाइलाजावर चढतोय असंच मी म्हणेन.

आणि अन्याय फक्त महागाईतच असतो असं नाही. नाशवंत माल पिकवणाऱ्याला एकच खरेदीदार असेल, किंवा मजुराला जवळपास एकच कारखाना असेल, तर मिळेल तो भाव पदरात घ्यावा लागतो. तोही सौदा कागदावर राजीखुशीचाच असतो. या एकट्या खरेदीदाराच्या सत्तेचं विश्लेषण अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये मांडलं. त्यातून निघणारी एक गोष्ट अजूनही पुष्कळांच्या गळी उतरत नाही: अशा ठिकाणी किमान वेतन विचारपूर्वक ठरवलं, तर रोजगार घटेलच असं नाही, उलट वाढूही शकतो.