भातलावणीनंतरचा ताप आणि खाचरातील पाणी

मुरबाड व शहापूर तालुक्यांतील काही भात उत्पादकांनी विचारले आहे की, लावणीनंतर आठ-दहा दिवसांनी ताप भरून पोटऱ्या ठणकतात, तो युरियामुळे येतो काय. आणि गमबूट चिखलात रुतत असतील तर लावणी कशी करावी?

युरियाने असा ताप येत नाही. पावसाळ्यात मलेरिया व डेंग्यूही असतात. परंतु खाचरात राबलेल्या माणसाला असा ताप आला, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका अवश्य घ्यावी. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत याच रोगाची मोठी साथ आली होती. याचे जिवाणू उंदीर, घुशी, कुत्री आणि वरून धडधाकट दिसणारी गुरे यांच्या लघवीतून पाण्यात उतरतात व ओल्या मातीत कित्येक आठवडे तग धरतात. बोटांच्या बेचक्यांत झालेल्या चिखल्या, टाचांच्या भेगा, विळ्याने कापलेले बोट किंवा दिवसभर पाण्यात राहून पांढरी पडलेली कातडी यांतून ते शरीरात शिरतात.

गमबुटांची अडचण खरी आहे, म्हणून ते निदान गोठा काढताना व बांधावर काम करताना वापरावेत. जखम असलेल्या माणसाने शक्यतो चिखलात उतरू नये. उतरावेच लागले तर जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावावी आणि काम संपताच हातपाय साबणाने धुऊन कोरडे करावेत. शेतावर न्याहारीपूर्वी हात ओढ्याच्या पाण्याने नव्हे, घरून आणलेल्या पाण्याने धुवावेत. बांधांतील बिळे लावणीपूर्वीच खणून बुजवावीत व गोठ्याचे सांडपाणी खाचरात सोडू नये. प्रतिबंधासाठी डॉक्सीसायक्लिन आठवड्यातून एकदा दिले जाते, मात्र ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे, कारण गरोदर स्त्रिया व लहान मुलांना ते सहसा देत नाहीत.

अंगदुखीची गोळी घेऊन पुन्हा लावणीला जाणे, हीच आमच्या मते सर्वांत घातक सवय आहे. वेळेवर उपचार झाल्यास रोगी बरा होतो. उशीर झाल्यास मूत्रपिंड, यकृत व फुप्फुसे निकामी होऊ शकतात. डोळे लाल वा पिवळे होणे, लघवी कमी होणे अथवा थुंकीतून रक्त पडणे यांपैकी काहीही दिसल्यास काविळीच्या झाडपाल्यात एकही दिवस न दवडता रुग्णालय गाठावे. साधा ताप असला, तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात केसपेपर काढतानाच आपण भाताच्या खाचरात काम केले असल्याचे व ते किती दिवसांपूर्वी केले हे डॉक्टरांना सांगावे.