रात्रभर रेंडर, सकाळी फाइल उघडेना

प्रश्न : मुलगी पुण्यात बी.एस्सी. अ‍ॅनिमेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ब्लेंडर या थ्रीडी अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये केलेली २० सेकंदांची फिल्म रेंडर होताना (म्हणजे संगणक तिची अंतिम चित्रं तयार करत असताना) दुसऱ्या रात्री लॅपटॉप बंद पडला आणि एमपीफोर फाइल उघडेना. आता ती दीड लाखाचा संगणक मागते. शिवाय हल्ली काळ्या खिडकीत कमांड टाइप करत बसते. यात करिअर आहे का? – एक पालक, वारजे

उत्तर : संगणक आत्ताच घेऊ नका. आणि ती काळी खिडकी अजिबात बंद करायला लावू नका.

सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर २० सेकंदांच्या ४८० फ्रेम होतात. एका फ्रेमला ४ मिनिटं लागली तर ३२ तास. एवढ्या वेळात कोणतंही मशीन अडखळू शकतं, दीड लाखाचंही. थेट एमपीफोर केलं की मध्येच बंद पडल्यावर सगळंच जातं. प्रत्येक फ्रेम वेगळी पीएनजी ठेवली तर जाते ती फक्त चालू फ्रेम. व्हिडिओ नंतर एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरने काही मिनिटांत जोडता येतो.

मुलीला कमांडचा क्रम पक्का करू द्या : ब्लेंडर, डॅश बी (खिडकी न उघडता चालव), प्रोजेक्ट फाइल, डॅश ओ आणि आउटपुटचा मार्ग (चित्रं कुठे ठेवायची), डॅश कॅपिटल एफ पीएनजी (फाइलचा प्रकार), डॅश एस १ (पहिली फ्रेम), डॅश ई ४८० (शेवटची फ्रेम), सर्वांत शेवटी डॅश ए (सगळ्या फ्रेम रेंडर कर). ब्लेंडर हे डावीकडून उजवीकडे वाचतो आणि वाचेल तसं करत जातो. डॅश ए आधी आला तर पुढच्या सूचना पोहोचण्याआधीच रेंडर सुरू होतं. डॅश ओ प्रोजेक्ट फाइलच्या आधी लिहिला तर फाइल उघडताना तिच्यातलाच जुना मार्ग लागू होतो. नवशिक्यांचे तासन्‌तास इथेच जातात, कारण पडद्यावर चूक दिसत नाही.

रेंडर मध्येच थांबलं तर शेवटची अर्धवट फ्रेम काढून टाकायची आणि डॅश एस पुढे तोच आकडा द्यायचा. ‘ओव्हरराइट’ (आधीच्या फाइलवर पुन्हा लिहिणं) बंद ठेवून पुढे चालवणार असाल तरी ती फ्रेम आधी काढायलाच हवी. नाहीतर ब्लेंडर तिला झालेली समजून पुढे जातो.

कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर फाइल नेली की दोन गोष्टी हमखास बिघडतात. टेक्स्चरचे, म्हणजे वस्तूंवर चढवलेल्या चित्रांचे, मार्ग घरच्या ड्राइव्हचे असतात, म्हणून वस्तू गुलाबी दिसतात. फाइलमध्येच ती पॅक करावीत. दुसरं, त्या मशीनच्या प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्स कार्ड निवडलेलं नसलं तर सायकल्स, म्हणजे ब्लेंडरचं रेंडर इंजिन, मुकाट्याने संथ प्रोसेसरवर चालतो. म्हणून ४८० फ्रेम सोडण्याआधी १, १२०, २४० आणि ४८० या चारच फ्रेम डॅश स्मॉल एफने (निवडक फ्रेमची कमांड) रेंडर करून वेळ लिहून ठेवावी.

आता करिअर. मोठ्या स्टुडिओंमध्ये शेकडो मशीनवर रेंडर सोडणारे, लॉग (मशीनने लिहून ठेवलेली कामाची नोंद) वाचून अडलेली फ्रेम शोधणारे लोक लागतात. त्यांना रेंडर रँगलर म्हणतात. तिथून पायथन आणि लिनक्स येणारी व्यक्ती पाइपलाइन टीडी (टेक्निकल डायरेक्टर, म्हणजे स्टुडिओतल्या कामाची तांत्रिक साखळी सांभाळणारा) या पदापर्यंत जाते. ज्याला चित्रही कळतं आणि लॉगही, अशा माणसाची जागा सहज भरत नाही, म्हणून मुलीचा हा ओढा मला मोलाचा वाटतो. लहान स्टुडिओत मात्र यासाठी वेगळं पद क्वचितच असतं. मॉडेलिंग किंवा लाइटिंग करणाऱ्यालाच हे काम करावं लागतं. त्यामुळे तिने लाइटिंग सोडू नये. बिल्डरांसाठी इमारतींचे वॉकथ्रू (आत फिरून पाहिल्यासारखे व्हिडिओ) करणाऱ्या पुण्यातल्या ऑफिसांतही हेच कौशल्य लागतं.

पुढच्या तीन महिन्यांत तिने फ्लॅमेंको शिकावं. ते ब्लेंडरचंच मोफत रेंडर मॅनेजर, म्हणजे रेंडरचं काम अनेक मशीनवर वाटणारं सॉफ्टवेअर आहे. लॅबमधल्या दोन-तीन मशीनवर एकच फिल्म वाटून देता येते. सोबत एक छोटी पायथन स्क्रिप्ट लिहावी, जी गहाळ फ्रेम शोधून तेवढ्याच पुन्हा रेंडर करेल. हे दोन्ही शोरीलसोबत, म्हणजे आपल्या कामाच्या नमुन्यांच्या व्हिडिओसोबत, दाखवता येईल.

संगणकाचा निर्णय त्या चार फ्रेमच्या वेळा हातात आल्यावर घ्या. सॅम्पल (प्रत्येक ठिपक्यासाठी होणाऱ्या प्रकाशाच्या गणनांची संख्या) कमी करून आणि डीनॉइझ (चित्रातले दाणे पुसणारी सोय) लावून ४ मिनिटांची फ्रेम दीड मिनिटावर आली, तर ३२ तासांचं काम १२ तासांत होतं. तेवढं या लॅपटॉपला झेपेल. फक्त चार्जर लावलेला हवा आणि स्लीप मोड बंद हवा.