बाहुलीला नाव विचारायची लाज

प्रश्न : मी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या सत्रात शिकते. वॉर्डात पोस्टिंग असताना मला भीती वाटत नाही, रुग्णांशी माझे चांगले जमते. सिम्युलेशन लॅबमध्ये, म्हणजे रुग्णाऐवजी बाहुलीवर सराव करायच्या खोलीत, मॅनिकिनसमोर (त्या माणसाएवढ्या बाहुलीसमोर) उभी राहिले, की मात्र हातांना घाम सुटतो. आमच्या परीक्षेत प्रत्येक कामाचे वेगळे टेबल, म्हणजे स्टेशन असते आणि बेल वाजली की पुढच्या स्टेशनवर जायचे असते. अंतर्गत परीक्षेत इंजेक्शनच्या स्टेशनवर मी ट्रे नीट लावला, औषधाचा हिशेबही बरोबर केला. पण प्लास्टिकच्या बाहुलीला नाव काय विचारायचे, या विचाराने ओशाळून मी ना नाव विचारले, ना प्रक्रिया समजावून सांगितली. ते गुण गेले. बेल वाजल्यावर पुढच्या स्टेशनवर तर काहीच सुचेना. आता विद्यापीठाच्या परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतील. मी या व्यवसायाला लायक नाही का?
– एक विद्यार्थिनी, सांगली जिल्हा

उत्तर : लायकीचा प्रश्न आधी बाजूला ठेवू, कारण तुमच्या पत्रात त्याला आधार सापडत नाही. ‘ओशाळून’ हा शब्द मात्र महत्त्वाचा आहे. वॉर्डातली आजी “बाई, जरा हळू टोच” म्हणते, तोंड वाकडे करते, हात मागे घेते, आणि तिच्या त्या प्रतिसादावर तुमचे पुढचे पाऊल आपोआप पडते. मॅनिकिन काहीच बोलत नाही. त्याच्याशी बोलायचे म्हणजे चार जणांसमोर एकट्यानेच नाटक करण्यासारखे वाटते, आणि तसे वाटले की जीभ अडते. तेव्हा तुम्हाला रुग्णाची किंवा सुईची नव्हे, कोणीतरी पाहत असताना बोलण्याची भीती वाटते, असे मी म्हणेन. या दोन भीतींवरचे उपाय वेगळे आहेत.

स्टेशनांची ही परीक्षापद्धत स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डेन यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी आखली आणि 1975 साली तिची माहिती प्रसिद्ध केली. त्याआधी एखाद्याच्या वाट्याला सोपा रुग्ण आणि दयाळू परीक्षक येई, तर दुसऱ्याच्या वाट्याला नेमके उलटे. हा नशिबाचा भाग कमी व्हावा म्हणून सर्वांना सारखीच कामे, सारखाच वेळ आणि सारखीच चेकलिस्ट देण्यात आली. या न्यायाची किंमत अशी, की परीक्षकाला जे दिसते किंवा ऐकू येते त्यालाच गुण देता येतात. “मॅडम, मी मनात विचारले होते” यासाठी चेकलिस्टमध्ये रकाना नसतो. म्हणून हात धुण्यापासून सुई टाकून देण्यापर्यंतची प्रत्येक कृती तोंडाने बोलत करण्याची सवय लावा. डॉक्टरांनी 50 मिलिग्रॅम लिहून दिले असतील आणि अँप्युलमधल्या (औषधाच्या काचेच्या कुपीतल्या) 2 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम असतील, तर “मी 1 मिलिलिटर भरते आहे” हे मोठ्याने म्हणा. नाव विचारणे ही तर केवळ परीक्षेतली औपचारिकता नाहीच. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला भलतेच औषध जाऊ नये म्हणून केलेली ती पहिली तपासणी आहे, आणि ओळखीच्या आजीच्या बाबतीतही ती टाळायची नसते.

इथे आम्हा शिक्षकांचीही चूक कबूल केली पाहिजे. सिम्युलेशनच्या तासाचे तीन भाग असतात : आधी काय करायचे आहे आणि मॅनिकिन काय करू शकते हे सांगणे, मग प्रत्यक्ष प्रसंग, आणि शेवटी सर्वांनी बसून काय घडले याची चर्चा. खरे शिकणे बहुतेक या चर्चेतच होते. तरी वेळ अपुरा पडला की नेमकी तीच कापली जाते, किंवा तिला सर्वांदेखत केलेल्या कानउघाडणीचे रूप येते. चुका करण्यासाठी असलेली खोली आणि गुण देण्यासाठी असलेली खोली एकच, बाहुली तीच आणि मॅडमही त्याच. मग विद्यार्थ्याने फरक करायचा तरी कसा? मी शिकवत असताना एका मुलीने हातमोजे उचलण्यापूर्वी माझ्या हातातल्या पेनाकडे पाहून विचारले होते, “मॅडम, हे मार्कांचं आहे का?” त्या दिवसापासून सरावाच्या तासाला मी पेन स्टाफरूममध्ये ठेवून जाऊ लागले.

तुमच्या हाती आहे ते असे. वसतिगृहात तिघी-चौघींचा गट करा. एकीने रुग्ण होऊन आडवे व्हावे, एकीने चेकलिस्ट धरावी, एकीने मोबाइलवर पाच मिनिटांची बेल लावावी. इंजेक्शन अर्थातच मैत्रिणीला टोचायचे नाही. तिच्याशी बोलायचे, जागा शोधून दाखवायची आणि औषध उशीला द्यायचे. आठवडाभराने मैत्रिणीलाही उठवा आणि उशीशीच बोला. तिला नाव द्या, ‘सखूबाई, खाट क्रमांक 7’. सुरुवातीला सगळ्या जणी हसतील, आणि हसू द्यावे. परीक्षेच्या खोलीत येणारा संकोच त्या हसण्यातच निम्मा संपतो. मग कधीतरी मुद्दाम चूक करा. निर्जंतुक हातमोजा ट्रेच्या कडेबाहेर टेकवा आणि लगेच म्हणा, “हा हातमोजा दूषित झाला, मी बदलते.” चूक ओळखून ती सुधारणारी विद्यार्थिनी पाहिली, की माझ्या ओळखीचे बहुतेक परीक्षक मनातून सुखावतात. ती लपवणारी मात्र पुढे वॉर्डातही लपवील, ही शंका त्यांना छळते.

राहिला बेलचा प्रश्न. बिघडलेले स्टेशन मागे सोडून येण्याची जागा तुम्हाला परीक्षेनेच दिलेली आहे, आणि ती म्हणजे हातांची स्वच्छता. हातांवर सॅनिटायझर चोळायला, तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखे धरून, 20 ते 30 सेकंद लागतात. हा वेळ घाईघाईने उरकू नका. तेवढ्यात दोन लांब श्वास घ्या आणि समोरच्या कागदावरची सूचना पुन्हा एकदा वाचा. परीक्षकाला तुम्ही नियमाप्रमाणे हात स्वच्छ करताना दिसाल. आदल्या रात्री जागून पुस्तक घोटण्याने मात्र हाताचे कौशल्य वाढत नाही. झोप मोडली की आधी हातच चुकतात.

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी. नर्सिंग शिकते. तिच्या कॉलेजात बाहुल्यांवर शिकवतात. माणसावर हात बसल्याशिवाय नर्स कशी तयार होणार, हे मला समजत नाही. त्यात परीक्षा जवळ आली, की ती नीट जेवत नाही आणि रात्री रडते. काय करावे?
– एक पालक, बीड

उत्तर : बाहुली ही काही नवी टूम नाही. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील परिचारिका प्रशिक्षण शाळेत 1911 सालीच ‘मिसेस चेस’ नावाची पूर्ण उंचीची बाहुली आणली गेली होती. काही गोष्टी तर जिवंत माणसावर शिकताच येत नाहीत. हृदय बंद पडल्यावर मिनिटाला 100 ते 120 वेळा छाती किमान 5 सेंटिमीटर दाबायची असते. धडधडत्या हृदयाच्या माणसावर हा सराव कोण करू देईल? वॉर्डातली पोस्टिंग यामुळे रद्द होत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या 2021 च्या नियमांनुसार बी.एस्सी. नर्सिंगची पदवी हाती पडण्यापूर्वी प्रत्यक्ष रुग्णसेवेतील उपस्थिती शंभर टक्के पूर्ण करावी लागते.

रडणे आणि न जेवणे मात्र हलक्यावर घेऊ नका. परीक्षा झाल्यावरही दोन आठवडे ते थांबले नाही, किंवा जगण्याचा कंटाळा आल्यासारखे ती मध्येच काही बोलली, तर वाट न पाहता डॉक्टरांना भेटा. त्याआधी 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही.

एरवी सुट्टीत ती घरी आली, की गुणांची चौकशी करण्याऐवजी तिला तुमचा रक्तदाब मोजायला सांगा, परीक्षेत मोजतात तसा, सगळे बोलून दाखवत. ती आधी तुमचे नाव विचारील. तेव्हा “अगं, मी तुझा बाप” म्हणून हसू नका. पूर्ण नाव सांगा आणि बाही वर करा.