बी.एड. सध्या राहू द्या, तिला बुरशीचं काम शिकू द्या

ताई, तुमचं पत्र वाचलं. मुलगी टीवायबीएस्सी मायक्रोला आहे, रोग करणाऱ्या बुरशीमुळे माणसाच्या पेशी किती मरतात ते मोजायचं काम तिला शिकायचंय, आणि तुम्हाला दोन प्रश्न पडलेत, तिला काही होणार तर नाही ना आणि यात पोट भरतं का, नाहीतर सरळ बी.एड.ला घालू.

भीतीचं आधी बोलू. २०२१ चा म्युकर, म्हणजे कोविडनंतरचा काळ्या बुरशीचा आजार, आपण सगळ्यांनी पाहिलाय, त्यामुळे काळजी वाटणारच. पण शिकताना बहुतेक कॅन्डिडा नाहीतर अ‍ॅस्परजिलस या बुरशी देतात, तेही बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये (जंतू बाहेर येऊ न देणारं, हवा गाळणारं कपाट), ग्लोव्हज घालून. धडधाकट मुलीला यात धोका कमी. फक्त स्टेरॉइड वगैरे चालू असेल, शुगर असेल तर गाइडला पहिल्याच दिवशी सांगायचं, लपवायचं नाही.

आता खरं काम. ९६ छोट्या खळग्यांच्या (वेलच्या) प्लेटमध्ये पेशी वाढवायच्या, त्यावर बुरशी सोडायची, काही तासांनी नुकसान मोजायचं. ऐकायला सोपं आहे पण पोरं इथेच फसतात. एमटीटी नावाची पिवळी पावडर जिवंत पेशी जांभळी करतात, म्हणून जांभळा रंग म्हणजे पेशी जिवंत असं कॉलेजात शिकवतात, पण अहो जिवंत बुरशीपण तिला जांभळी करते ना! पेशी मेलेल्या असतात आणि रीडिंग मस्त येतं. म्हणून बरेच जण एलडीएच मोजतात, ते एन्झाइम पेशी फुटली की बाहेर, पेशी वाढवायच्या द्रवात (मीडियात) येतं. सोबत नुसत्या पेशी, नुसती बुरशी आणि डिटर्जंटने पूर्ण फोडलेल्या पेशी असे तुलनेसाठीचे तिन्ही नमुने (कंट्रोल) लावायचेच, नाहीतर टक्केवारीला काही अर्थ नाही. कॅन्डिडा पेशीला भोकं पाडायला कॅन्डिडालायसिन नावाचं विष वापरते, हे २०१६ ला कळलं ते अशाच मोजमापातून.

नोकरीचं म्हणाल तर पेशी वाढवणं आणि त्यांच्यावर विषारीपणा तपासणं हे कौशल्य बुरशीपुरतं नाहीच. औषधं, कॉस्मेटिक्स, शरीरात बसवायची उपकरणं, सगळ्यांची अशी टेस्ट होते, उपकरणांसाठी तर आयएसओ १०९९३-५ हे स्टँडर्डच आहे. मात्र नुसत्या बीएस्सीवर पगार कमी मिळतो हे आत्ताच सांगते, एमएस्सी करावीच लागेल. बायोटेकला जायचं तर गॅट-बी ही प्रवेश परीक्षा द्यायला सांगा, आणि एमएस्सीचं डिसर्टेशन, म्हणजे संशोधनाचा प्रकल्प, पुण्यात एनसीसीएस (पेशींवर काम करणारी राष्ट्रीय संस्था) किंवा आघारकर संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी मिळतंय का ते आधीपासून मेल करून विचारत राहायचं, उत्तर नाही आलं तर परत करायचा. मेलमध्ये मार्कांच्या आधी तिने स्वतः हाताने काय काय केलंय ते लिहू दे.