महायुद्धाचा धडा आधी शिक्षकांनी करून बघायचा

प्रश्न: शाळेतल्या शिक्षकांसाठी आधुनिक जगाच्या इतिहासाचं तीन दिवसांचं ट्रेनिंग घ्यायचंय. बरेच जण इतिहास विषय घेऊन शिकलेले नाहीत. १९१४ ते १९९१ एवढं सगळं बसवायचं कसं?

उत्तर: सगळं बसवूच नका. तीन दिवस लेक्चरं ऐकवली की शिक्षकही वर्गात जाऊन तेच करतात, सनावळ्या आणि कारणांची यादी, आणि मुलं ती घोकतात. दोनतीनच घटना घ्या पण खोलात घ्या, आणि शिक्षकांना कामाला लावा.

पहिलं महायुद्ध पेटलं त्या जुलै १९१४ चंच बघा. गट पाडा, एकेकाला एकेक देश द्या, ऑस्ट्रिया-हंगेरी, सर्बिया, रशिया, जर्मनी, ब्रिटन, आणि तारखेप्रमाणे चिठ्ठ्या वाटत जा. २८ जूनला साराजेवोत ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याचा खून झाला हे सगळ्यांना ठाऊक असतंच. ५ जुलैला जर्मनीने ऑस्ट्रियाला पाठिंब्याचा शब्द दिला ती चिठ्ठी मात्र त्या दोनच गटांना द्यायची. मग २३ जुलैचा ऑस्ट्रियाचा सर्बियाला निर्वाणीचा खलिता, ४८ तासांची मुदत, सर्बियाने त्यातल्या बहुतेक अटी मान्य केल्या आणि तरी २८ तारखेला युद्ध पुकारलं गेलंच, इथे आलं की एरवी गप्प बसणारेही वाद घालायला लागतात. ३० जुलैला रशियाने संपूर्ण लष्कराच्या जमवाजमवीचा हुकूम काढला, तिथे थांबा आणि विचारा, अजून कोणाला मागे फिरता आलं असतं का? एकमत होणार नाही, व्हायलाही नको, पण आपलं म्हणणं कुठल्या चिठ्ठीवरून काढलं ते प्रत्येकाने दाखवलंच पाहिजे. माझ्या मते ट्रेनिंगचा अर्क हाच, कारण ज्याने स्वतः पुरावा ताडून बघितलाय तोच मुलांना 'कशावरून?' असं विचारायला शिकवेल.

एक मात्र कळकळीने सांगते, ही पद्धत सगळीकडे लावू नका. नाझी छळछावण्या शिकवताना कोणालाही कैदी किंवा पहारेकरी बनवायचं नाही, मुलांना तर अजिबात नाही. छावण्यांतून जिवंत सुटलेल्या माणसांच्या साक्षी वाचायच्या, त्यांची नावं घ्यायची, आणि प्रश्नांसाठी भरपूर वेळ ठेवायचा.

शेवटच्या दिवशी दुपारी प्रत्येकाने आपल्या वर्गासाठी एक तास आखायचा. महिन्याभरात तो घेऊन झाला की सगळ्यांना परत एक दिवस बोलवा, वर्गात काय जमलं काय फसलं त्यावर बोलायला. त्यासाठी वेगळा दिवस मिळत नसेल तर आधीच्या तीनातला एक कापा, चालेल.