मूळच नाही, मग ‘मूलक्षोड’ कसलं?

प्रश्न असा: सायलोटम या वनस्पतीला मुळं नसतात असं पुस्तक सांगतं आणि पुढच्याच ओळीत तिचं ‘मूलक्षोड’ (इंग्रजीत ‘ऱ्हायझोम’, म्हणजे जमिनीत आडवं वाढणारं खोड) जमिनीत पसरतं म्हणतं. हे कसं?

घोळ मराठीचा नाही, ग्रीकचा आहे. ‘ऱ्हायझोम’मध्ये ‘रायझा’, म्हणजे मूळ, बसलेलं आहे. आपण शब्दासोबत तेही उचललं. ‘क्षोड’ मात्र मला खोडाच्या खांद्यावर टाकलेलं संस्कृत उपरणं वाटतं. संस्कृत कोशांत क्षोड म्हणजे हत्ती बांधायचा खांब! हळदवाले बघा, जेठा गड्डा म्हणतात, हळकुंड म्हणतात, त्याला मूळ कुणी म्हणत नाही.

पण हळकुंडावर पेरं नि डोळे दिसतात, म्हणून ते खोड हे पटतं. सायलोटमच्या जमिनीतल्या भागावर तसं काही ठळक दिसत नाही. मग खोड कशावरून? एक तर टोकाला मूलटोपी, म्हणजे मुळाच्या टोकावर असतं ते संरक्षक आवरण, नाही. दुसरं, मुळाच्या फांद्या आतल्या थरातून साल फोडून बाहेर येतात. इथे टोकच दुभंगतं, पुन्हा दुभंगतं, आणि त्यातलंच एखादं वर वळून हिरवं होतं. आडवा छेद घेतला तर मधोमध बारीक भरीव आद्यरंभ, म्हणजे वाहक नलिकांचा साधा गाभा: आत पाणी वाहणारं प्रकाष्ठ, भोवती अन्न वाहणारं परिकाष्ठ, मग अंतस्त्वचा हा पेशींचा थर. त्याबाहेरच्या मध्यत्वचेच्या, म्हणजे सालीखालच्या जाड थराच्या, पेशींत बुरशीचे धागे. पाणी-क्षार शोषायचं मुळाचं काम ही बुरशी आणि केसांसारखे मूलकल्प मिळून करतात.

‘मूलकल्प’ हा शब्द मात्र फक्कड. ऋषिकल्प म्हणजे ऋषी नव्हे, जवळजवळ ऋषी. पाणिनीने ‘कल्प’ला हाच, किंचित उणेपणाचा, अर्थ दिला आहे.

तेव्हा मूलक्षोड रूढ आहे, राहू द्या; मी स्वतः इथे ‘भूमिगत खोड’ लिहीन.

खरी हरकत मला सायलोटमला लावल्या जाणाऱ्या ‘आदिम’ या विशेषणावर आहे. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावच्या 40 कोटी वर्षांहून जुन्या दगडांत ऱ्हायनिया ही वनस्पती जीवाश्मरूपात सापडली. किडस्टन आणि लँग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1917 पासून तिचं वर्णन छापलं. तिलाही मुळं नव्हती, आडवं खोड नि मूलकल्प होते. त्या साम्यावरून सायलोटम तिची वंशज ठरली. पुढे डीएनएने तिला नेच्यांच्या (फर्नच्या) गोतात नेऊन बसवलं, म्हणजे तिच्या पूर्वजांना मुळं होती, ती गेली. ऱ्हायनिया मूळ न आलेली, सायलोटम मूळ गमावलेली. ‘मूलहीन’ म्हटलं की दोघी एकाच पंगतीला बसतात.